किरायाची पाटी, प्लॉटची जाहिरात आणि समतेचा कायदा

नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील दोन शहरांत घराची जाहिरात दोन अगदी भिन्न रूपांत लोकांसमोर येते. पहिले रूप मोठ्या भांडवलाचे असते: लातूरच्या औसा रोडवर, बार्शी रोडवर किंवा नांदेडच्या तरोडा, कौठा अशा वाढत्या भागांत उभारलेले होर्डिंग, ज्यावर ‘एनए-४४’ मंजुरी, रस्त्यांची रुंदी, बँकेच्या कर्जाची सोय आणि एका कोपऱ्यात महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापलेला असतो. दुसरे रूप साधे असते: दारावर टांगलेली, विजेच्या खांबावर चिकटवलेली किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरणारी चार ओळींची पाटी, जी खोली किरायाने देणे असल्याचे सांगते आणि त्याच दमात ‘फक्त फॅमिली’, ‘शाकाहारींनाच’, ‘नोकरदारांना प्राधान्य’ अशा अटी जोडते. पहिल्या जाहिरातीत लिहिलेले खरे की खोटे हे तपासणारा कायदा आता अस्तित्वात आहे, दुसरीकडे जवळजवळ कोणताच कायदा पाहत नाही, आणि या घरापासून कोणाला दूर ठेवले जात आहे हा प्रश्न दोहोंपैकी कोणालाही विचारला जात नाही. घर नाकारण्याच्या साऱ्या व्यवहारात जाहिरात ही बहुधा एकमेव लेखी पायरी असते. बाकीचा नकार फोनवर, उंबरठ्यावर किंवा दलालाच्या तोंडून येतो आणि मागे काहीही ठेवत नाही. म्हणूनच कायद्याने नेमक्या याच पायरीकडे पाठ फिरवावी, ही लहानसहान उणीव नव्हे.

‘एनए-४४’ म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४४ खाली शेतजमिनीच्या अकृषिक वापरासाठी मिळालेली परवानगी. मराठवाड्यातील शहरांचा विस्तार मुंबई-पुण्यासारखा उंच इमारतींनी झालेला नाही, तर अशा परवानगीच्या आधारे पाडलेल्या ले-आउटमधील प्लॉट, त्यांवरची रो-हाऊसे आणि शिक्षक, वीज कर्मचारी, बँक कर्मचारी अशांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांनी वसवलेली नगरे यांनी झाला आहे. त्यामुळे येथे घर मिळण्याचे दोन मुख्य मार्ग उरतात: प्लॉट किंवा घर विकत घेणे, नाहीतर कोणा घरमालकाच्या तळमजल्यावरच्या खोल्या किरायाने घेणे. दुसऱ्या मार्गावर गर्दी फार मोठी आहे. बारावीच्या निकालांमुळे आणि पुढे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेमुळे नावारूपाला आलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने शिकवणी वर्गांभोवती खोल्या, मेस आणि खासगी वसतिगृहे यांची एक वेगळी अर्थव्यवस्था उभी केली आहे, नांदेडात विद्यापीठ, अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये, रेल्वेचे विभागीय कार्यालय आणि तख्त सचखंड श्री हजूर साहिब यांमुळे बाहेरून येणाऱ्यांचा ओघ अखंड असतो. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड-वाघाळा महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास आणि लातूरची पावणेचार लाखांहून अधिक होती, आणि या लोकसंख्येत हिंदूंबरोबर मुस्लिम आणि बौद्ध यांचे प्रमाण मोठे आहे. नांदेडात शिखांची जुनी वस्ती आहे, लातूरच्या जीवनात लिंगायत समाजाचे स्थान ठळक आहे.

या शहरांत आलेली अनेक कुटुंबे स्वेच्छेने आलेली नाहीत, हेही विसरता येत नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यानंतर मराठवाड्यातील खेड्यांत जो हिंसाचार उसळला, त्याचे मुख्य लक्ष्य दलितांची घरे होती, आणि नांदेड जिल्हा त्याच्या सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. गावातील घर जळाल्यावर शहर हा आश्रय वाटणे स्वाभाविक होते, कारण शहरात कोणी कोणाला ओळखत नाही असे मानले जाते. प्रत्यक्षात किरायाची खोली पाहायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा, आणि तेवढ्याने उलगडा झाला नाही तर तिसरा प्रश्न घरात काय शिजते याचा विचारला जातो. जात आणि धर्म यांचा थेट उच्चार न करता त्यांचा अंदाज घेण्याची ही रीत इतकी रुळलेली आहे की विचारणाऱ्याला तिच्यात काही वावगे वाटत नाही आणि उत्तर देणाऱ्याला ती अपेक्षितच असते.

वस्तीची विभागणी केवळ खासगी पसंतीने होते असेही नाही. शासनाच्या तटस्थ दिसणाऱ्या निकषांनीही ती घडू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जागतिक बँकेच्या साहाय्याने नव्या ठिकाणी वसवण्यात आली, तेव्हा नव्या घराचा आकार कुटुंबाच्या जमीनधारणेवर ठरवला गेला: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४०० चौरस फूट आणि मोठ्या जमीनदारांना ७५० चौरस फूट. या निकषात जातीचा उल्लेख कोठेही नव्हता. परंतु मराठवाड्यात जमीन कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे जातीने पिढ्यानपिढ्या ठरवलेले असल्यामुळे सर्वांत लहान घरे कोणाच्या वाट्याला येणार हे नियम लिहितानाच ठरून गेले होते. वरकरणी समान असलेला नियम परिणामात असमान ठरतो, या प्रकाराला कायद्याच्या भाषेत अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या खटल्यात २०२१ मध्ये ही संकल्पना स्पष्टपणे मान्य केली. ती पुढे ‘शाकाहारी’ या अटीच्या संदर्भात पुन्हा लागणार आहे.

भारतीय कायद्यात घर नाकारण्याविषयी काहीच नाही, असा एक सर्रास समज आहे. तो बरोबर नाही. याविषयीची तरतूद जुनी आहे आणि तिचा उगम शोधत गेल्यास वाट ब्रह्मदेशापर्यंत जाते. ब्रिटिश राजवटीत १९२२ मध्ये तेथे बहिष्कारविरोधी कायदा झाला होता, आणि त्यात बहिष्काराची व्याख्या करताना घर किंवा जमीन भाड्याने देण्यास नकार देणे ही कृती नोंदवलेली होती. मुंबई इलाख्यात १९२८ मध्ये नेमलेल्या आणि डॉ. आंबेडकर सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने आपल्या अहवालात गावोगावच्या अस्पृश्यांविरुद्ध सामाजिक बहिष्कार हे हत्यार कसे वापरले जाते याचे वर्णन केले. १९३० मध्ये गोलमेज परिषदेसमोर डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी ठेवलेल्या संरक्षक तरतुदींच्या योजनेत ब्रह्मदेशाच्या कायद्यातील व्याख्या उचलून घेतलेली दिसते, आणि १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात तीच पुन्हा येते. पुढे १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम झाला, १९७६ च्या दुरुस्तीने त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, आणि त्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात आजही बहिष्कार म्हणजे काय हे सांगताना घर किंवा जमीन भाड्याने देण्यास वा वापरू देण्यास नकार, असे शब्द आहेत. बडोद्यात १९१७ मध्ये नोकरीसाठी गेलेल्या आणि जात कळल्यावर पारशी विश्रामगृहातून बाहेर काढल्या गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा तीन दशके सोडला नाही, या गोष्टीची नोंद घरांच्या कायद्यावरील चर्चेत फारशी होत नाही, आणि ती व्हायला हवी.

याच अधिनियमाचे कलम ४ अधिक थेट आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधणे, संपादन करणे किंवा तिच्यात राहणे यांस आडकाठी करणे हा त्याखाली अपराध आहे आणि त्याला १ ते ६ महिने कारावास व दंड अशी शिक्षा सांगितली आहे. दंडाची रक्कम मात्र १०० ते ५०० रुपये अशी १९७६ मध्ये ठरली तशीच राहिली आहे. कलम ७ मध्ये आणखी एक तरतूद आहे जी जाहिरातीच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरते: बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांनी, खुणांनी किंवा दृश्य चिन्हांनी लोकांना अस्पृश्यता पाळण्यास उत्तेजन देणे हाही अपराध आहे. आणि कलम १२ असे सांगते की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावे. पुराव्याचा भार असा उलटवणे फौजदारी कायद्यात विरळा असते, कारण नेहमीच्या नियमाने आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. घर नाकारणाऱ्याच्या मनातील कारण बाहेरच्याला कधीच सिद्ध करता येणार नाही, ही जाण त्या कलमामागे आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हे स्वतंत्र गुन्हे ठरवले असून त्यांची शिक्षा ६ महिने ते ५ वर्षे इतकी आहे.

एवढे असूनही किरायाच्या खोलीच्या प्रकरणात या कलमांचा आधार क्वचित घेतला जातो, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. खोली शोधणाऱ्याला आठवड्याभरात कोठेतरी राहायला जायचे असते, त्याच्याकडे फौजदारी खटल्याला वेळ नसतो, आणि ‘कालच दिली’ या दोन शब्दांपुढे त्याच्याजवळ दाखवण्यासारखे काहीही नसते. शिवाय हे संरक्षण अस्पृश्यतेच्या प्रथेला बळी पडलेल्यांपुरते आहे. मुस्लिम कुटुंबाला केवळ मुस्लिम म्हणून, एकट्या स्त्रीला केवळ एकटी म्हणून, घटस्फोटितेला किंवा परप्रांतीय कामगाराला खासगी मालकाने घर नाकारले, तर त्याविरुद्ध महाराष्ट्रात कोणतेही थेट कलम लावता येत नाही. राज्यघटनेचे कलम १५(१) धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते, पण ती मनाई शासनाला आहे. कलम १५(२) नागरिकांनाही बांधते, मात्र त्यात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते अशी ठिकाणे मोजलेली आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ‘दुकान’ हा शब्द मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या कोणालाही लागू होईल अशा व्यापक अर्थाने वापरल्याचे सांगितले होते, आणि त्या खुलाशाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये खासगी शिक्षणसंस्थाही या कलमाच्या कक्षेत आणल्या. लोकांना जाहिरात देऊन प्लॉट विकणारा विकासक या अर्थाने दुकानदारच ठरतो, असे गौतम भाटिया यांच्यासारख्या घटनाअभ्यासकांच्या मांडणीवरून म्हणता येते, आणि ते म्हणणे पटण्यासारखे आहे.

या दिशेच्या आड येणारा निकाल २००५ चा आहे. अहमदाबादमधील १९२६ मध्ये नोंदलेल्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीत सदस्यत्व फक्त पारशांना, अशी अट होती; ती सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. उपविधी म्हणजे संस्थेने स्वतःच्या कारभारासाठी केलेले आणि निबंधकाने नोंदवलेले नियम. न्यायालयाचा युक्तिवाद असा होता की, संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे, सहकारी कायद्याने अशा अटीला मनाई केलेली नाही, आणि सदस्याने संस्थेत येतानाच ती अट स्वीकारलेली असते. एखाद्या अल्पसंख्य समाजाने आपली वस्ती टिकवण्यासाठी केलेल्या नियमापुरता हा विचार मांडला गेला असला, तरी तो कोणत्याही बलवान समाजाच्या हाती तितकाच सहज पडतो, हा त्यातील धोका आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्ये मुक्त सदस्यत्वाचे तत्त्व आहे: पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. कलम २२ नुसार नकाराची कारणे कळवावी लागतात, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने काहीच कळवले नाही तर अर्जदार सदस्य झाल्याचे मानले जाते. नांदेड-लातूरमधील प्लॉटधारक संस्थांत घर घेणाऱ्याने ही तरतूद माहीत करून घेणे फार उपयोगाचे आहे, कारण अशा संस्थांत नकार सहसा शब्दांत येत नाही, अर्ज नुसता पडून राहतो.

भाड्याच्या घरांसाठी मराठवाड्यात दीर्घकाळ हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा लागू होता. तो जाऊन ३१ मार्च २००० पासून संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्याचे कलम ५५ असे आहे की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाईल. विद्यार्थ्यांच्या बहुतेक खोल्या तोंडी बोलीवर दिल्या जात असल्यामुळे हे कलम लातूरच्या पालकांनी वाचण्यासारखे आहे. परंतु जुना आणि नवा असे दोन्ही कायदे माणूस भाडेकरू झाल्यानंतर सुरू होतात. दारातूनच परत पाठवल्या गेलेल्या माणसाशी त्यांचा काही संबंध येत नाही. केंद्राने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातही ही पोकळी तशीच राहिली.

जाहिरातीवर खऱ्या अर्थाने नियंत्रण आणले ते २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने, ज्याला सर्वजण रेरा म्हणतात. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची, प्लॉटच्या ले-आउटसह, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक द्यावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही सक्तीचा आहे. आणि जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झाले तर कलम १२ नुसार भरपाई मिळते. नोंदणीविना विक्री केल्यास प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘प्रस्तावित उद्यान’ आणि ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ अशा आश्वासनांवर आयुष्याची पुंजी घालवणाऱ्या कुटुंबांसाठी हा मोठा दिलासा होता. मात्र या सर्व छाननीत रस्त्याची रुंदी मोजली जाते, चटईक्षेत्र मोजले जाते, आणि विकासकाचा विक्री प्रतिनिधी ग्राहकाचे आडनाव ऐकून कोणते उत्तर देतो हे मोजले जात नाही.

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. महाराष्ट्रात प्रकल्पाची नोंदणी करताना प्रवर्तकाला, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्याला, ‘नमुना ब’ हे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि त्यात घर, प्लॉट किंवा इमारत यांच्या वाटपाच्या वेळी कोणत्याही वाटपग्राहीशी भेदभाव करणार नाही असे वचन असते. वाटपग्राही म्हणजे ज्याला घर वाटून दिले गेले तो. शब्दशः वाचले तर हे वचन वाटप मिळालेल्यालाच दिलेले आहे. चौकशीच्या खिडकीवरूनच परतवलेला ग्राहक त्यात बसतो की नाही, याविषयी शंका राहते. तरीही शपथेवर दिलेला हा शब्द नोंदणीच्या कागदपत्रांत आहे, आणि प्राधिकरणाने ठरवले तर जाहिरातीत नोंदणी क्रमांकाशेजारी ‘विक्रीत धर्म, जात वा लिंग यांवरून भेदभाव केला जात नाही’ अशी एक ओळ छापण्याची सक्ती करणे फार कठीण नाही.

जाहिरातीतील भेदभावाला हात घालण्याचे शब्द भारतीय कायद्याला सापडत नाहीत, असेही नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ मध्ये बाधित व्यक्तीला मालमत्तेत राहण्याचा, ती खरेदी करण्याचा वा भाड्याने घेण्याचा हक्क नाकारण्यास मनाई आहे, आणि त्याच कायद्यात अशा व्यक्तींना द्वेषाला वा भेदभावाला तोंड द्यावे लागेल अशी जाहिरात किंवा सूचना प्रसिद्ध करण्यासही मनाई आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या अधिनियमातही राहणे, खरेदी करणे आणि भाड्याने घेणे यांविषयी अशीच तरतूद आहे. म्हणजे दोन छोट्या समूहांसाठी संसदेने जे वाक्य लिहिले, ते सर्वांसाठी लिहिणे एवढेच बाकी आहे. लोकसभेत शशी थरूर यांनी मांडलेल्या भेदभावविरोधी खासगी विधेयकात घरांचा समावेश होता. ते कायद्यात रूपांतरित झाले नाही.

परदेशांतील अनुभव पाहताना अमेरिकेचा १९६८ चा न्याय्य गृहनिर्माण कायदा विशेष उद्बोधक ठरतो. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर एका आठवड्यात, ११ एप्रिलला, या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्याने वंश, धर्म इत्यादी कारणांवरून घर नाकारण्यास मनाई केली, पण चार कुटुंबांपर्यंतच्या घरात मालक स्वतः राहत असेल तर त्याला या मनाईतून सूट दिली, कारण एकाच छताखाली कोणासोबत राहावे यात काही खासगीपणा असतो हे त्या कायद्याने मानले. जाहिरातीला मात्र ही सूट नाही. मेरीलँड राज्यातील एका वर्तमानपत्राने गोऱ्या कुटुंबाच्या घरातील जागेची तशा उल्लेखासह जाहिरात छापली, तेव्हा १९७२ मध्ये न्यायालयाने म्हटले की मालक भाडेकरू निवडण्यास मोकळा असला तरी वर्तमानपत्र ती निवड छापण्यास मोकळे नाही, आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याचा बचाव फेटाळला. ब्रिटनमध्येही १९६८ च्या कायद्याने घरांतील वांशिक भेदभाव आणि तशा जाहिराती एकाच वेळी बंद केल्या. अलीकडे फेसबुकवर घरांच्या जाहिराती काही विशिष्ट गटांना दिसूच नयेत अशी योजना करता येत असल्याचा आक्षेप अमेरिकी सरकारने २०१९ मध्ये घेतला आणि २०२२ मध्ये कंपनीला तडजोड करून आपली यंत्रणा बदलावी लागली. म्हणजे तेथे आता छापलेल्या शब्दाबरोबरच न दाखवलेल्या जाहिरातीचाही हिशेब मागितला जातो.

मेरीलँडच्या निकालातील हा भेद मराठवाड्यासाठी सर्वाधिक उपयोगाचा आहे, कारण लातूरचा खोली देणारा मालक बहुधा त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्या स्वयंपाकघराच्या सोवळ्याचा, घरातील मुलींच्या सुरक्षिततेच्या काळजीचा किंवा वृद्ध आईच्या सवयींचा विचार कायद्याने करू नये असे कोणी म्हणत नाही, आणि तसे म्हटले तर तो कायदा कागदावरच राहील. परंतु घरातली पसंती आणि रस्त्यावर लावलेली पाटी यांत फार मोठे अंतर आहे. पाटी वाचणारा प्रत्येक जण, खोली शोधत नसलेला सुद्धा, या गल्लीत आपल्याला स्थान नाही हे वाचून पुढे जातो, आणि शेजारचा मालक तशीच पाटी लावायला शिकतो.

‘शाकाहारी’ या अटीचा विचारही येथेच करावा लागतो. मांसाहार न करणारी अनेक कुटुंबे ही अट मनापासून घालतात, यात शंका नाही. पण मराठवाड्यात मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, मातंग, धनगर आणि मराठा या समाजांतील बहुसंख्य लोक मांसाहार करतात. त्यामुळे ताटाविषयीची ही अट प्रत्यक्षात माणसांची चाळणी बनते, आणि जो नको आहे त्याच्यावरच ती काटेकोरपणे लागू करण्याची सोय मालकाला राहते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास करून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा उच्चवर्णीय नावांना जवळजवळ कोठेच नकार मिळत नसून दलित आणि त्याहूनही अधिक मुस्लिम नावांना तो मिळत असल्याचे दिसले. सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात मुस्लिमांना हव्या त्या भागात घर मिळणे कठीण जाते आणि त्यातून त्यांची वस्ती एकवटते, हे नोंदवले होते. अशा नकारांनंतर माणूस शेवटी जेथे आपले लोक आहेत तेथे, म्हणजे नांदेडात देगलूर नाक्यासारख्या दाट भागात, जागा शोधतो, आणि पुढच्या पिढीला तीच त्याची ‘पसंती’ म्हणून सांगितली जाते.

जाहिरातीत समूहाचा उल्लेख आला की भेदभाव झाला, असे मात्र म्हणता येत नाही. म्हाडाच्या सोडतीच्या जाहिरातीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के घरे राखीव असल्याचे छापलेले असते, आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमाने शासकीय गृहयोजनांत ५ टक्के आरक्षण दिले आहे; मुलींच्या वसतिगृहाची पाटीही याच प्रकारची आहे. हे उल्लेख बंद दार उघडण्यासाठी केलेले असतात, आणि कायदा लिहिणाऱ्याला हा फरक शब्दांत नीट पकडता आला पाहिजे.

असा कायदा करण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही, कारण जमीन व भाडे आणि सहकारी संस्था हे दोन्ही विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमात एक कलम आणि १९६० च्या सहकारी अधिनियमात एक स्पष्टीकरण घालणे विधिमंडळाच्या अधिकारात आहे. पहिल्यात मालक राहत असलेल्या घराला निवडीची सूट देऊन जाहिरातीतील धर्म, जात, लिंग यांवरील अटींना सर्वांसाठी मनाई करता येईल, आणि मध्यस्थी करणाऱ्या दलालालाही त्याच मनाईत आणता येईल. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेनुसार जाहिरातींसह छापलेल्या सर्व मजकुराची जबाबदारी संपादकाची असते, त्यामुळे छोट्या जाहिरातींच्या स्तंभापुरती सुरुवात तर कायदा होण्यापूर्वीही होऊ शकते.

तोपर्यंत जे उपलब्ध आहे ते वापरण्यासाठी कागद हाती असावा लागतो. अट लिहिलेल्या पाटीचे तारखेसह घेतलेले छायाचित्र, दलालाने पाठवलेला संदेश, संस्थेकडे दिलेल्या सदस्यत्वाच्या अर्जाची पोच, विकासकाच्या कार्यालयातील चौकशीची नोंद, हे सर्व जपून ठेवावे. मोबाइलमधील मजकूर न्यायालयात दाखल करताना १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली पोलिसांकडे, संस्थेने अडवलेल्याला सहकार खात्याच्या निबंधकाकडे, नोंदणीकृत प्रकल्पात नकार मिळालेल्याला ‘नमुना ब’मधील वचनाचा हवाला देऊन महारेराकडे, आणि मुस्लिम, शीख, बौद्ध वा ख्रिस्ती कुटुंबाला २००४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे जाता येते. आयोगाला केवळ शिफारस करता येते. पण तक्रार नोंदली गेली की नकाराला तारीख आणि पत्ता मिळतो, आणि जिल्हा न्यायालयांतील विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाची कुटुंबे यांना असा अर्ज लिहून देणारा वकील विनामूल्य मिळतो.